दोघांपुरती वाट

ज्ञानू कोळप्याच्या उजव्या हाताचा अंगठा त्याच्या सख्ख्या भावानं भर दुपारी विहिरीवर कोयत्यानं तोडला. कारण विचाराल तर मोटारीची पाळी. शिरूरच्या बाहेर, घोडनदीच्या अंगाला दोघा भावांचा मळा, मधे एक विहीर आणि विहिरीवर एक मोटार. लाईट यायची तीन-चार तास, तीही तिच्या मर्जीनं. तेवढ्यात कुणाच्या कांद्याला पाणी जायचं यावरून रोज शब्दाला शब्द लागायचा. शेवटी धाकट्यानं, म्हाळूनं, देवघरापुढं भंडारा उचलून शपथ घेतली, की दादाच्या पाळीला मोटारीला हात लावणार नाही. खंडोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द त्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता. म्हाळूनं तो आठवड्याच्या आत मोडला. ज्ञानू स्टार्टर बंद करायला पुढं झाला तेव्हा म्हाळूच्या हातात घास कापायचा कोयता होता.

ज्ञानूचा मुलगा सुरज तिथंच उभा होता. कोयता हाडात बसल्याचा आवाज त्यानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अंगठाही त्यानंच उचलला. चिखलात पडला होता. पाण्यानं धुऊन, रुमालात बांधून तो बापाबरोबर जीपमध्ये बसला. पुण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो तुकडा काळानिळा पडला होता. डॉक्टरनं तो उलटासुलटा करून बघितला आणि मान हलवली.

म्हाळू त्याच दिवशी परागंदा झाला. पोलिसांनी दोन-चार खेपा घातल्या आणि हात टेकले. ज्ञानूनं मात्र हात टेकले नाहीत. पट्टी ओली असतानाच तो म्हाळूच्या गोठ्यात शिरला. तिथं सरदार नावाचा एडका बांधला होता. सुरज आणि म्हाळूचा मुलगा हनुमंत, या दोघांनी बाटलीनं दूध पाजून तो वाढवला होता. ज्ञानूनं डाव्या हातानं त्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली. डाव्या हाताला सवय नव्हती, म्हणून जनावर एका घावात मेलं नाही. ते ओरडत राहिलं आणि ज्ञानू घाव घालत राहिला. म्हाळूची बायको सिंधूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. संध्याकाळी ती हनुमंताला घेऊन दौंडला भावाच्या आश्रयाला गेली आणि मळ्यातलं ते घर बंद झालं.

आता सुरज आणि हनुमंत हे चुलतभाऊ असले तरी एका ताटात जेवलेले, एका सायकलवर शाळेला गेलेले. बापांनी वैर धरलं म्हणून पोरांनी बोलणं टाकावं, हे सांगायला सोपं असतं. ज्ञानूनं घरात बजावलं होतं, की दौंडचं नाव ज्याच्या तोंडातून निघेल त्यानं या घराचं अन्न विसरावं. घरात मोबाईल एकच आणि तो ज्ञानूच्या खिशात. घरचा फोन ओसरीवर. तिथं कुजबुजलेलं चुलीपाशी ऐकू जायचं. पण सुरजच्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटरमधलं ज्ञानूला काही कळत नव्हतं.

सुरजचा धंदा फ्लेक्स बनवून देण्याचा. त्या वर्षांत शिरूर तालुक्यात कुणाचा वाढदिवस फ्लेक्सशिवाय होत नव्हता. ज्याला त्याच्या आळीत कुणी विचारत नाही तोसुद्धा गॉगल लावून चौकात टांगलेला असायचा. हनुमंत दौंडला एका फोटो स्टुडिओत लागला होता आणि त्यानंही एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. एक दिवस त्याचा मेल आला. दौंडच्या भाऊ-दादांचे फोटो मी काढतो, फ्लेक्स तू कर. पण फोटो इतके जड आहेत की मेलमधून जात नाहीत, काय करायचं बोल.

सुरजनं डोकं लढवलं आणि व्हीपीएन काढलं. ते काय असतं, हे त्यानं हनुमंताला समजावलं ते असं: पाइपलाइन जशी दुसऱ्याच्या रानाखालून पुरून नेतात, वर त्याचा ऊस उभा असतो आणि खालून आपलं पाणी चाललेलं असतं, तसं हे. इंटरनेट सगळ्या जगाचं, त्याच्यातली ही नळी आपल्या दोघांची. तुझा कॉम्प्युटर माझ्याच खोलीत ठेवल्यासारखा होईल. सुरजचा कॉम्प्युटर आत घेणार आणि हनुमंताचा दार वाजवणार, असं ठरलं. मॉडेमच्या पोटातली सेटिंग उघडून एक दार मोकळं करायचं होतं, ते काही केल्या मोकळं होईना. मेलवर मेल झाले. हनुमंतानं दोनदा सगळं पुसून नव्यानं भरलं. पासवर्ड एडक्याचं नाव ठेवला. एका रविवारी दुपारी शेवटी जोडणी लागली आणि हनुमंताच्या फोल्डरमधले फोटो सुरजच्या पडद्यावर उघडले. मग दोघांनी आवाजाचा प्रोग्राम चालू केला. दोन वर्षांनी हनुमंताचा आवाज सुरजच्या कानात आला. सुऱ्या, जेवलास का, एवढंच त्यानं विचारलं आणि सुरजला रडू फुटलं.

ही वाट काही धड नव्हती. शिरूरची लाईट गेली की मॉडेम बंद, लाईट आली की कनेक्शनचा नंबर बदललेला. मग सुरजनं नवा नंबर मेलनं कळवायचा आणि हनुमंतानं पुन्हा दार वाजवायचं. फाईल जात असली की आवाज तुटायचा. तरी ती दोघांची होती. घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हनुमंतानं स्पीकर काढून ठेवले होते; जे काही ते हेडफोनमधून. एक पथ्य मात्र दोघं पाळायचे: बापांविषयी बोलायचं नाही. म्हाळू कुठं लपलाय हे सुरजनं कधी विचारलं नाही आणि हनुमंतानं कधी सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या चंपाषष्ठीला ते पथ्य मोडलं.

चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलतात. ताम्हणात भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवायची, घरातल्या पाच पुरुषांनी ताम्हणाला हात लावायचा आणि देवाचा जयजयकार करत ते उचलायचं. सकाळी सुरज एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सचं काम करत बसला होता. हेडफोन कानाला होता. तिकडं हनुमंत तळीसाठी उठून आत गेला आणि माईक बंद करायचा विसरला. मागून भांड्यांचा आवाज आला, मग हाळी उठली, येळकोट येळकोट. पाच आवाजांत एक आवाज उंच आणि फाटका. मळ्यात असताना घोडनदीच्या पल्याडची मेंढरं त्या हाळीनं माघारी फिरायची. सुरजला ओळखायला क्षणही लागला नाही. म्हाळूआप्पा घरी आला होता.

हनुमंत परत आला तो घाबराघुबरा होऊन. ऐकलंस का, त्यानं विचारलं. सुरज हो म्हणाला. तेवढ्यात मागून कुणीतरी हेडफोन ओढून घेतला आणि तो फाटका आवाज थेट सुरजच्या कानात आला. म्हाळू खोकत होता. कुठल्या कुठं ऊस तोडत, वीटभट्ट्यांवर राबत तो अर्धा झाला होता, हे आवाजावरूनच कळत होतं.

"सुरज, दादाला काय सांगू नको," तो म्हणाला. "पर आज त्याला भंडारा लावशील तवा एक बोट माझ्या नावानं लाव."

 हा माणूस आपल्या बापाचा अंगठा तोडणारा, हे सुरजला ठाऊक होतं. याच माणसानं आपल्याला पोहायला शिकवलं, हेही ठाऊक होतं. लावतो, एवढं म्हणून त्यानं हेडफोन खाली ठेवला.

दुपारी शिरूरला तळी निघाली. पूर्वी दोन्ही घरांचे पुरुष मिळून उचलायचे, आता माणसं उसनी आणावी लागत. सुरजच्या आईचा, बयाबाईचा भाऊ सोपानराव जीप घेऊन आला होता, दोघं शेजारचे आले होते. अंगठा नसल्यानं ज्ञानूला ताम्हण धरता येईना. त्याच्या बाजूनं ते कललं आणि भंडारा जमिनीवर सांडला.  सुरजनं बापाच्या कपाळाला भंडारा लावला आणि मनातल्या मनात चुलत्याच्या नावानं आणखी एक बोट ओढलं.

मग नैवेद्याचे वाटे निघाले. रोडगे आणि वांग्याचं भरीत. ज्ञानूनं स्वतः वाटे मांडले: घराचा, सोपानरावाचा, शेजाऱ्यांचा. आणि शेवटी बाजूला एक पान ठेवून त्यावर रोडगा, भरीत आणि भंडाऱ्याची चिमूट ठेवली. हा म्हाळूचा, तो म्हणाला आणि हात जोडले.

इथं सुरज चुकला. देवाच्या नैवेद्यातला वाटा भावकीतल्या प्रत्येकाचा निघतो, मग तो वैरी असो नाहीतर मेलेला असो. तो देवाचा हिशेब असतो, त्यात माणसाच्या मनाचा संबंध नसतो. बयाबाईला ते ठाऊक होतं, सोपानरावाला ठाऊक होतं. सुरजला वाटलं, आबांचं मन पाघळलं. इतकी वर्षं जे व्हावं म्हणून तो देवाला विनवत होता ते आज झालं, असं त्याला वाटलं.

"आबा," तो म्हणाला, "आप्पा आल्यात घरी. दौंडला. त्यांनी बी आज तळी उचलली."

बयाबाईच्या हातातली पळी थांबली. ज्ञानूनं मान वर केली नाही. कुणी सांगितलं, त्यानं विचारलं. सुरजला नळीची गोष्ट सांगायचं धाडस झालं नाही. दौंडचं एक गिऱ्हाईक फ्लेक्स न्यायला आलं होतं, त्यानं सांगितलं, अशी त्यानं थाप मारली. ज्ञानू बरं म्हणाला आणि जेवायला बसला. सावकाश, भरीत मागून घेऊन, पोटभर जेवला. हात धुतले. म्हाळूचा वाटा फडक्यात बांधला. चल सोपान, पोचवून येऊ, असं म्हणून दोघं जीपमध्ये बसले. जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सुरज दारात उभा राहून हसऱ्या तोंडानं बघत होता.

"हसतोस काय?" बयाबाई मागून म्हणाली. "वळचणीला बघ."

वळचणीला कायम खोचलेला असायचा तो कोयता नव्हता. 

सुरज खोलीकडं धावला. हेडफोन कानाला लावून हनुमंताला हाका मारायला लागला. तिकडून उत्तर येईना. बयाबाई दारात येऊन उभी राहिली. इतके दिवस पोरगं यंत्रापुढं बसून एकटंच पुटपुटतं असं तिला वाटायचं. आज तिला उलगडा झाला. तिनं पुढं होऊन त्याचा दंड धरला.

"दौंडला बोलतोस व्हय? सांगू नको," ती म्हणाली.

"न्हाई सांगितलं तर आप्पा मरंल, आई."

"मरू दे. तिकडं कळलं तर त्ये कोयतं घेऊन वाट बघत बसत्याल. तुझ्या बापाचा एक हात कामाचा न्हाई. त्यो गेला तर मी काय करू?"

बरोबर बोलत होती ती.  गप्प बसावं तर चुलता जाणार. बोलावं तर बाप जाणार. पोलिसांना फोन करावा हेही मनात आलं, पण मग बाप कोयत्यासकट सापडणार आणि चुलता फरारी म्हणून आत जाणार. कुणाचाच जीव जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. तेवढ्यात हनुमंताचा आवाज आला. काय रं, तो म्हणाला. सुरजनं आईचा हात झिडकारला.

"हणम्या, आबा निघाल्यात. कोयता घेऊन. आप्पाला घरातनं काढ, स्टेशनावर ने, मिळंल त्या गाडीत बसव. पर कुणी हात उचलायचा न्हाई. कुणीच न्हाई. भंडारा उचल माझ्यापुढं."

हनुमंत ताम्हण घेऊन आला. ते टेबलावर ठेवल्याचा आवाज सुरजनं ऐकला. त्यानं भंडारा उचलून शपथ घेतली, की आप्पाला आत्ता बाहेर काढतो आणि आबांवर आमच्या घरातून हात उठणार नाही. एवढ्यावर सुरजनं थांबायला हवं होतं. पण त्याला बापाचं ते एडक्यावर घाव घालतानाचं तोंड आठवलं. आपण सांगितलं हे आबांना कळलं तर आपली खैर नाही, अशी भीती त्याला वाटली.

"आन् अजून एक," तो म्हणाला. "माझं नाव घ्यायचं न्हाई. कायबी झालं तरी. त्याचाबी उचल."

हनुमंतानं त्याचाही भंडारा उचलला. मग त्यानं सांगितलं, की आई घरातून हलणार नाही, देवापुढचा दिवा सोडून ती कुठं जात नाही. मामा ड्युटीवर गेलाय. म्हणून आप्पाला गाडीत बसवून मी आईपाशी माघारी येतो. येऊ नको, सुरज म्हणाला. हनुमंत हसला. थोरल्या आबांनी मला खांद्यावर खेळवलंय, मला काय करणार ते, असं तो म्हणाला आणि निघून गेला. हेडफोन टेबलावर तसाच राहिला.

सुरज ऐकत बसला. सिंधूबाई आत काहीतरी पुटपुटत होती. रेल्वेची शिट्टी झाली. बराच वेळ गेला. मग चपला वाजल्या आणि हनुमंत हेडफोनपाशी आला. गेला आप्पा, सोलापूरकडच्या पॅसेंजरला बसवला, तो म्हणाला. सुरजच्या जिवात जीव आला. आता तूही नीघ, तो म्हणत होता. आईला पुन्हा विनवून बघतो, असं म्हणून हनुमंतानं हेडफोन खाली ठेवला. त्या दिवशी दोन्ही गावांची लाईट टिकून होती. एरवी कधी टिकत नाही.

जीप थांबल्याचा आवाज सुरजनं ओळखला. सोपानरावाची जीप बंद होताना खोकायची. दार लाथेनं उघडलं. म्हाळू, अशी हाक आली. बापाची हाक. सिंधूबाई म्हणाली, न्हाईत घरात, भावजी, देवाची आण. मग कपाट पडलं, भांडी घरंगळली, काहीतरी फुटलं. खोलीतून खोलीत बापाची पावलं फिरली आणि परत आली.

"थोरलं आबा, बसा. पाणी घ्या," हनुमंत म्हणाला.

"बाप कुठाय?"

"गेल्यात."

"कवा?"

 सिंधूबाईच बोलून गेली, मघाशीच गेले म्हणून. ज्ञानूचा श्वास सुरजला ऐकू येत होता. तो टेबलाजवळ आला असावा.

"मी येतोय ह्ये कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "सोपाननं वाटंत गाडी थांबवली व्हती. त्यानं फोन केला का?"

"न्हाई, आबा."

"मग कुणी? हणम्या, मला फकस्त नाव पायजे. माझ्या घरात कोण फुटलंय तेवढं सांग. तुला बोट लावत न्हाई मी."

सुरज खुर्चीतून उठला. माईक तोंडाला लावून ओरडायला लागला. मी सांगितलं आबा, मी सांगितलं, मी सुरज, मी सांगितलं. बयाबाई धावत आली. पोरगं यंत्रावर ओरडतंय आणि त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या आहेत, हे बघून ती भिंतीला टेकली. दौंडच्या त्या खोलीत स्पीकर नव्हते. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून त्याचा आवाज चिलटाएवढा निघाला असेल, आणि भांडणाच्या घरात चिलट कुणाला ऐकू जातं.

"भंडारा उचललाय मी," हनुमंत म्हणाला. "तोंडातनं नाव निघायचं न्हाई."

"तुझ्या बापानं बी उचलला व्हता," ज्ञानू म्हणाला. "त्यो भंडारा मी बघितलाय. बोल."

"न्हाई, आबा."

पहिला घाव कुठं बसला ते सुरजला कळलं नाही. आवाज लाकडाचा आला. दुसरा कळला. तो आवाज त्यानं विहिरीवर ऐकला होता. हनुमंत आई गं म्हणाला आणि टेबलावर आदळला, ताम्हण खाली पडून गरगरत राहिलं. त्यानंतर घाव आले ते एकामागून एक. डाव्या हाताला अजूनही सवय झाली नव्हती. सिंधूबाई मधे पडली असावी, तिला ढकलल्याचा आवाज झाला. मधेच हनुमंत काहीतरी बोलला. शब्द नव्हते त्यात, नुसता घशातला घुरघुराट होता. नंतर तोही थांबला. सुरज कानाला हेडफोन दाबून धरून किंचाळत होता आणि तो काढून फेकावा किंवा ओसरीवर जाऊन बापाच्या मोबाईलला फोन लावावा, हे त्याला सुचत नव्हतं.

जीप सुरू झाली. सिंधूबाईनं हंबरडा फोडला.

ज्ञानू दिवेलागणीला घरी आला. सोपानरावानं त्याला फाटकापाशी सोडलं आणि जीप वळवून तो बघता बघता नाहीसा झाला. ज्ञानूनं वाटेत पाटावर कपडे धुतले होते. ओल्या सदऱ्यानिशी तो ओसरीवर बसला. बयाबाईनं पाण्याचा तांब्या आणला.

"म्हाळू न्हाई घावला," तो म्हणाला. "पोरगं आडवं आलं."

बयाबाई होती तिथं खाली बसली. आपण दुपारी एका माणसाला मरू दे म्हणालो होतो, हे तिला आठवलं असेल. तिनं पदर तोंडात कोंबला.

सुरज खोलीतून बाहेर आला. त्याला आता भीती वाटत नव्हती. जी वाटायची ती चुकीच्या वेळी वाटून गेली होती. तो बापासमोर उभा राहिला. तुम्ही निघालाय हे हनुमंताला मीच सांगितलं, तो म्हणाला. आणि माझं नाव घेऊ नको म्हणून भंडाराही मीच उचलायला लावला.

ज्ञानू त्याच्याकडं बघत राहिला. समजायला त्याला वेळ लागला. 

"मग त्यानं सांगायचं न्हाई का," तो म्हणाला. "मला वाटलं सोपान फुटला. तुझं नाव घेतलं असतं तर कोयता खाली टाकला असता मी. तू माझं लेकरू. तुला काय केलं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या."

सुरजनं बापाचा दंड धरला. ज्ञानू लहान मुलासारखा उठला. सुरजनं त्याला खोलीत नेलं, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. नळी अजून उघडी होती. दौंडच्या घरात पोलीस येऊन गेले, माणसं आली, हनुमंताला उचलून नेलं, पण टेबलाखाली पडलेल्या हेडफोनकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आणि तिथंच जमिनीवर बसून सिंधूबाई रडत होती. सूर लावून रडत होती. थोरल्या भावजींच्या खांद्यावर बसून जेजुरी चढला व्हतास रं माझ्या राजा, त्यांच्या मांडीवर तुझं जावळ काढलं रं, पाणी घ्या म्हणालास रं त्यांना.

ज्ञानूनं आधी दचकून मागं बघितलं. सिंधूबाई खोलीतच असावी असं त्याला वाटलं. मग त्यानं टेबलाची कड धरली. बयाबाई हेडफोन काढायला पुढं झाली, तसा त्यानं तिचा हात बाजूला सारला.

"राहू दे," तो म्हणाला.

सुरजनं चपला घातल्या. बाप हाक मारेल म्हणून तो फाटकापाशी जरासा थांबला. हाक आली नाही. मग तो पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागला.